गोदडीखालचा डहाळा

येरवडा, पुणे
१२ ऑगस्ट २००४

चिरंजीव धम्मदीप यास,
आईचा सप्रेम जयभीम आणि आशीर्वाद.

मी बरी आहे. गुडघे आपल्या जागी आहेत आणि दुखायचं काम इमानाने करतात. पूर्वासाठी लोकरीचं टोपडं विणायला घेतलंय, एका कानापर्यंत आलंय. नळाला पाणी येतं. बाकी सांगण्यासारखं काही नाही.

पत्र तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावर मुद्दाम पाठवते आहे. फोन केला की तू "आई, मीटिंगमध्ये आहे, नंतर करतो" म्हणतोस. रविवारीसुद्धा मीटिंग असते तुझी. आणि घरच्या पत्त्यावर पाठवलं असतं तर नम्रताने उघडलं असतं. ते मला नको होतं. का नको होतं, ते तुला माहीत आहे.

पूर्वाला पाळणाघरात घातलं, असं दीपमाला म्हणाली. माझी शेजारीण असून तिला आधी कळतं, मला नंतर. असू दे. पण पाळणाघरातली बाई चार पोरांत हिच्याकडे कितीशी बघणार? म्हणून लिहून ठेवते, फ्रिजवर चिकटव. ताप आला की हात लावून अंदाज करू नका, थर्मामीटर लावा. अंगावर गोदड्या टाकू नका, सुती झबलं पुरे. कोमट पाण्याने अंग पुसा, गार पाण्याने नाही. तापाचे थेंब डॉक्टरांनी वजनावरून सांगितले तेवढेच द्या. पोरगी रडते म्हणून वर दोन थेंब नकोत. खायला नको म्हणाली तर म्हणू दे, पण दूध, पेज, वरणाचं पाणी घोट घोट चालू ठेवा. लघवी कमी झाली, पोर मलूल पडलं, डोळे उघडेना, झटका आला, किंवा अंगावरचे डाग दाबल्यावरही फिके पडेनात, तर एकमेकांकडे बघत बसू नका. रिक्षा करा.

हे सगळं मला त्या डॉक्टरांनी सांगितलं, तुझ्यासमोरच. आठवतं ना? नम्रता कामासाठी बंगलोरला गेली म्हणून तू मला बोलावलंस, आणि दुसऱ्याच दिवशी पोरीचं अंग तव्यासारखं तापलं. ना सर्दी, ना खोकला. डॉक्टर म्हणाले, "आजी, ताप किती?" मी म्हटलं, "पुष्कळ." तर म्हणतात, "पुष्कळ हा आकडा आमच्या पुस्तकात नाही." मला हसू आलं. तू मात्र भिंतीसारखा पांढरा.

तीन दिवस ताप चढत-उतरत राहिला. तू ऑफिसला जायचास, पण तासातासाला फोन. चौथ्या दिवशी ताप उतरला, पोरगी माझ्या चष्म्याला हात घालायला लागली. आंघोळ घालताना बघते तर पोटावर, पाठीवर बारीक गुलाबी पुरळ. संध्याकाळी मानेपर्यंत गेलं. तू डॉक्टरांना फोन केलास आणि ते बोलले ते मला सांगितलंस: "आई, गोवर नाही म्हणतात. गोवरात ताप भरलेला असताना पुरळ येतं, डोळे लाल होतात, नाक वाहतं. हिला ताप गेल्यावर आलं. हा साधा विषाणू आहे, दोन दिवसांत मावळेल. काही करायचं नाही."

काही करायचं नाही, हे तूच मला सांगितलंस, धम्मा. मग तुझा तो साहेब, श्यामसुंदर, त्याचा फोन आला. तू गॅलरीत जाऊन बोलत होतास. "हो सर... नाही सर, आमच्यात पाळत नाहीत... ठेवून बघतो सर."

सकाळी मी दुधाची पिशवी घ्यायला दार उघडलं, तर खाली फाटकाजवळच्या कडुनिंबाखाली तू उभा. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र, आणि टाचा उचलून फांदी ओढतोयस. वर आलास तो पाठीमागे हात धरून. मी स्वयंपाकघरात गेले, तुला वाव दिला. घाबरलेल्या बापाला उपाशीपोटी काय बोलायचं? म्हटलं, हा कामाला गेला की डहाळा काढून टाकू, संध्याकाळी चहावर कान उपटू. लहानपणी तू पाटीवर अ काढायचास आणि मी तुझ्या मागे बसून तोच अ गिरवायचे. एवढं तुझ्याकडून शिकले, एवढं तुला सांभाळून घेता येईल, असं वाटलं.

पण नम्रता आदल्या रात्रीच्या बसने निघालेली. तू बूट घालत होतास तेवढ्यात दारात. बॅग तशीच टाकून पाळण्याकडे धावली, पोरीला उचललं, आणि गोदडी सरकली. खाली निंबाचा डहाळा.

पुढचं तुला सांगायला नको. तरी सांगते, कारण तू तेव्हा बुटाची नाडी बांधत होतास. एकाच बुटाची. किती वेळ लागतो रे एका नाडीला?

"आई, हे काय आहे?" ती म्हणाली. "देवी बसवलीत माझ्या पोरीच्या अंगावर? या घरात? बाबासाहेबांचा फोटो समोर आहे!" मी तुझ्याकडे बघितलं. तू म्हणालास, "नमू, जाऊ दे ना. जुनी माणसं असतात."

जुनी माणसं.

नम्रतावर माझा राग नाही. मी तिच्या जागी असते तर तेच बोलले असते, आणखी चार शब्द जास्त. तिला काय माहीत? पण तुला माहीत आहे. तुझ्या थोरल्या चुलत्याला गोवर झाला तेव्हा घरात निंबाचं तोरण बांधलं होतं, देवी कोपेल म्हणून औषध दिलं नाही, आणि ते पोर गेलं. तुझ्या आजोबांनी छप्पन साली देव्हाऱ्यातले देवांचे टाक फडक्यात बांधून नदीत सोडले, ते काही कुणाचं भाषण ऐकून नाही. पोर गेलेलं होतं म्हणून. ही गोष्ट मी तुला भरवता भरवता सांगितली आहे. त्या घराची मी सून. आणि निंब ठेवल्याचा डाग माझ्यावर.

डहाळा ठेवलास, त्याचं मला काही नाही. बाप घाबरतो. तुझे वडीलही तू तापलास की घरभर फेऱ्या मारायचे. पण तेव्हाच "मी ठेवला" म्हणाला असतास तर नम्रता तासभर भांडली असती आणि दुपारी तिघं जेवलो असतो. तू मला पुढे केलंस. स्वारगेटच्या बसमध्ये बसवलंस, खिडकीतून बिस्किटाचा पुडा दिलास आणि म्हणालास, "आई, तिचं डोकं शांत होऊ दे." तिचं झालं असेल. माझं होत नाही.

मी नम्रताला सांगणार नाही. मी सांगितलं तर सासूने मुलावर ढकललं, असंच होईल. आणि खरं सांगू, तुझी मान तिच्यापुढे मी खाली घालायची नाही. ते तुझं तू कर. सांगितलंस, तर तिलाच मला फोन करायला सांग. तू करू नकोस. तिचा आवाज ऐकला की मी हातातलं काम टाकून निघेन.

टोपड्याचा दुसरा कान विणायचा राहिला आहे. थंडीपर्यंत वाट बघते. नाही आला फोन, तर दीपमालाच्या नातीला होईल ते. लोकर वाया जायची नाही.

पूर्वाच्या मानेवर पावडर लावू नका, घामोळं येतं.

तुझ्या घरची जुनी माणसं,
म्हणजे तुझी आई,
सुंदराबाई धोंडिबा ओव्हाळ