थिअरमचा माझ्यावर काडीचाही परिणाम नाही

३ जून २००३, मंगळवार. ब्रुकलिन
सायलसच्या सलूनबाहेर भिंतीवर एलरॉयचं चित्र रंगवलंय. चष्मा, हातात पुस्तक, डोक्यामागे तेजोवलय. शिसारी आली. एलरॉय पिंकनी, म्हणजे रॅपर 'थिअरम'. जाऊन वर्ष झालं नाही तर संत झाला! मी त्याला बाहीला नाक पुसताना पाहिलंय. एकाच इमारतीत वाढलो. पहिली कॅसेट दोघांनी मिळून केली, मग मी वेगळा झालो. (तो सांगायचा, त्याने मला काढलं. मुद्दा तो नाही.)

५ जून
चर्चच्या दारात एलरॉयच्या आईने, मिस ओडेसाने गाठलं. पुढच्या शनिवारी पार्कात त्याच्या नावाने कार्यक्रम. "क्लाइड बाळा, दोन शब्द बोलशील ना? भावासारखे होतात रे तुम्ही."
म्हटलं, बोलणार नाही, रॅप करीन. नवाकोरा. माझा.
संकल्प: थिअरमची एकही लकब नको. ग्रहतारे, अणू, बुद्धिबळ बंद. डोकं बाजूला, काळीज पुढे. लोकांना एकदा कळू दे, खरा कोण होता.

८ जून
लिहायला बसलो. वर्लीन म्हणाली, सिंक तुंबलंय. नवऱ्याला प्रतिभा आहे हे या बाईला लग्नाआधी सांगायला हवं होतं. सिंकमधून जे निघालं त्याने जेवण गेलं नाही. कविताही सुचली नाही.

१० जून
सलूनमध्ये पुन्हा तोच विषय. एक नर्स म्हणे, "थिअरममुळे मला केमिस्ट्रीची गोडी लागली." अंगावर काटा आला, किळसेने. सांगितलं, तो केमिस्ट्रीत नापास झालेला, मी शेजारीच बसायचो.
सायलस म्हणाला, "तूही नापासच ना? मग तुला काय सुचलं त्यातून?"
सगळं सलून हसलं. हलकी माणसं. तिथल्या तिथे उठून आलो असतो, पण एकाच बाजूचे केस कापून झाले होते.

१२ जून
जमलं! बस चालवताना ओळी आपसूक आल्या. एक शब्द बदलावा लागला नाही. दोन स्टॉप चुकले, लोक ओरडले. ओरडोत.
वर्लीनला म्हणून दाखवलं. "ओळखीचं वाटतंय," म्हणाली. मी म्हटलं, थोर काव्य नेहमीच ओळखीचं वाटतं. भांडी घासायला वळली. पटलं असावं.

१४ जून, शनिवार
पार्क गच्च. माइक घेतला. सुरुवात केली:
"आईने दिवा मालवला की मला दिसे आकाश..."
पुढचं मी म्हणायच्या आत सगळा पार्क गरजला: "अंधार वाचत बसलो, तोच माझा अभ्यास!"
आधी वाटलं, माझी यमकं इतकी सहज आहेत की लोकांना आधीच सुचतात. तिसऱ्या ओळीला ते माझ्या पुढे होते. चौथीला मी अडखळलो. ते थांबले नाहीत. शेवटपर्यंत म्हणत राहिले. मी नुसता माइक धरून उभा.
उतरलो तर मिस ओडेसाने मिठी मारली. डोळे वाहत होते. "तुमच्या पहिल्या कॅसेटमधलं! ते कडवं त्याने तुझ्यासाठीच लिहिलं होतं ना रे? चौथ्या ओळीला तेव्हाही असाच अडखळायचास. हसू यायचं त्याला, पण ओळ काही बदलली नाही त्याने. म्हणायचा, क्लाइडला येईल एक दिवस."
"हो," म्हटलं.
सायलसने पाठ थोपटली. थोपटणं ठीक, पण तो हसत नव्हता. ते जास्त वाईट.

१५ जून
दिवसभर स्वतःचीच किळस येत होती. शेवटी वर्लीनला विचारलं, तुला ठाऊक होतं, तर आधी का नाही बोललीस?
कांदा चिरता चिरता म्हणाली, "मला काय माहीत, तू नवं लिहिलंय असं समजून ऐकवतोयस ते? लग्न झाल्यापासून रोज आंघोळीला तेच म्हणतोस."