दारची जाई, माझी चमेली

आई, मी पेणहून तुमची सून होऊन रोह्याला आले, त्याला आता तीस वर्षं झाली. तुम्हाला जाऊनही चौदा. आज शाळेच्या बागेत पाट्या लावायच्या होत्या. झाडांची नावं लिहायचं काम माझ्याकडे आलं, आणि घरी आल्यावर हे लिहायला बसले.

लग्नानंतरचा पहिला श्रावण. पडवीत आळीतल्या बायका जमल्यात, तुम्ही गजरा गुंफताय. "गो, दारच्या जाईच्या कळ्या आण ओंजळभर," तुम्ही म्हणता. मी वेलीपाशी जाते आणि तिथूनच, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगते, "आई, ही जाई नाही. ही चमेली. जाई वेगळी." नुकतीच बीएस्सी झालेली मी, आवाजात तोराच होता. बायका हसल्या. तुम्ही दोरा तोडलात. "मी लावलेली हाय ती. नाव तू ठेवणार व्हय?" मग दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोललात.

पहिल्या बाळंतपणाला मी माहेरी गेले. महिन्याभरात मामंजी पॅसेंजरने पेणला आले. हातात डालड्याचा जुना डबा, त्यात वेलीची रुजवलेली फांदी. म्हणाले, "हिने दिलीय. म्हणाली, तिची चमेली तिला द्या." तेव्हापासून तुम्ही चमेलीच म्हणत राहिलात. शेजारणी चिडवायच्या, तुम्ही लक्ष द्यायच्या नाहीत. मला मात्र जिंकल्यासारखं वाटायचं.

काही वर्षांनी शाळेच्या कपाटातल्या एका पुस्तकात ती वेल सापडली. पांढरं फूल, कळीवर बाहेरून गुलाबी छटा, आणि खाली नावं : जाई, चमेली. एकाच वेलीची दोन्ही. जुई तेवढी तिची वेगळी बहीण, बारीक फुलांची. पुस्तक घरी न्यावं, तुमच्यापुढे उघडून ठेवावं, असं वाटलं. नेलं नाही. तुम्ही तेव्हा धडधाकट होतात, सांगायला रोजच वेळ होता. पुढे आजारपणात खाटेवरून तुम्ही विचारलंत, "चमेलीला पाणी घातलंस गो?" निदान तेव्हा बोलायचं. मी "व्हय" म्हटलं आणि तुमचं पांघरूण सारखं केलं.

हा कागद वहीतच राहणार. आज पाटीवर मी दोन्ही नावं लिहिली, आई. पण चमेली वर, मोठ्या अक्षरात. तुमची जाई खाली, कंसात.