अ गट, ब गट आणि कॉर्टिसॉल

३ जानेवारी, सकाळी ६.१०
प्रयोगास प्रारंभ. चोवीस मेंढ्या, एकच गोठा, मध्ये जाळी. अ गटाला हिरवा लसूणघास आणि सरकी पेंड. ब गटाला केवळ कडबा. उत्तम आहाराने कॉर्टिसॉल, म्हणजे तणावाचे संप्रेरक, घटते हे सिद्ध करायचे आहे. मला ते ठाऊकच आहे, सिद्धता इतरांसाठी. निष्कर्षाचा परिच्छेद आजच लिहून ठेवला. चारा घालणाऱ्या झुंबरबाईंना तक्ता समजावला. त्या मान डोलावत होत्या.

१७ जानेवारी
रक्ताचा पहिला रिपोर्ट. दोन्ही गट सारखे! लॅबमधल्या उज्वलाने नमुने तीनदा तपासले म्हणे. तिचा डिप्लोमा, माझी डॉक्टरेट. नमुने उन्हात राहिले असणार.

१९ जानेवारी
उज्वला म्हणाली, सर, एकदा चाऱ्याच्या वेळी गोठ्यात जाऊन बघा. म्हणजे आता ही मला प्रयोगपद्धती शिकवणार. (गोठ्याच्या वासाने माझे डोके दुखते, हा स्वतंत्र मुद्दा.)

२४ जानेवारी
दुसरा रिपोर्ट. पुन्हा सारखेच. ब गट तर किंचित अधिक शांत. संचालकांना उज्वलाच्या निष्काळजीपणाविषयी लेखी कळवले. तिचा करार महिनाअखेर संपतो. तो वाढवू नये, असेही सुचवले. व्यक्तिगत काही नाही.

३१ जानेवारी
करार वाढला नाही. ती निरोप घ्यायला आली होती. एकलहऱ्याहून दोन बस बदलून येत असे, हे आज कळले. वेळेवर येत असे, हे मान्य करावे लागेल.

४ फेब्रुवारी
नवा तंत्रज्ञ गोरक्ष. नवे नमुने, नवे किट. दोन्ही गट सारखेच. झोप नीट लागत नाही.

५ फेब्रुवारी, सकाळी ७
नाकाला रुमाल लावून गोठ्यात गेलो. झुंबरबाई घास, पेंड आणि कडबा एकत्र कालवून जाळीच्या दोन्ही बाजूंना सारखे वाढत होत्या. केव्हापासून, असे विचारले. पहिल्या दिवसापासून. आणि तक्ता?
"सायेब, त्या जाळीतून टकामका पाहत्यात. एका पंगतीत दोन तऱ्हेचं वाढू का? लय पाप हे."
रिपोर्ट अचूक होते. तिन्ही.

६ फेब्रुवारी
तक्रार मागे घेण्यासाठी संचालकांकडे गेलो. ते म्हणाले, जागा भरली. तुमचे पत्र इतके मुद्देसूद होते, की तिला विचारायचीही गरज वाटली नाही.
दुपारी उज्वलाला फोन लावला.
"बोला ना, सर."
मसुदा तयार नव्हता. फोन ठेवला.