बाकी कोणी आलं नाही तर

३ सप्टेंबर, सोमवार. सकाळी ९.४०
आजपासून रोजनिशी. पुढे माझ्या कामाचा इतिहास कुणाला लिहायचा झाला तर सोपं जावं.
वृद्धाश्रमातल्या नोकरीचा तिसरा महिना. प्रोबेशन ३० ला संपतं. २८ ला ट्रस्टी येऊन काम बघणार आणि मला कायम करायचं की नाही ते ठरवणार. ठरवायचं काय त्यात? इंटरव्ह्यूला तिघांना बोलावलं होतं, पहिले दोघे आलेच नाहीत. मी येतोय हे कानावर गेलं असावं.
वय सत्तेचाळीस. दोन वर्षांत दोन नोकऱ्या गेल्या, दोन्ही वेळा चूक कंपनीची. ही गेली तर चौथीकडे अर्ज करायचं बळ माझ्यात नाही. हे फक्त इथे लिहितोय. बायकोला सांगितलंय, झाल्यातच जमा आहे.

५ सप्टेंबर, बुधवार
कॉरिडॉरच्या कपाटात एक जुनं मशीन. त्यावर एक स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्राम. सव्वीस खोल्यांच्या बेल, औषधांच्या वेळा, औषधांच्या फ्रिजचं तापमान, सगळं तीच सांभाळते. लिहिणारा आधीचा प्रोग्रामर नोकरी सोडून गेला.
आज आत डोकावलो. धक्का बसला. स्क्रिप्ट सुरू होताना आधी चांगला, वेगवान इव्हेंट लूप शोधते, म्हणजे पुढचं काम कोणतं ते सतत बघत राहणारा भाग. तो नसला तर गुपचूप फॉलबॅक उचलते. फॉलबॅक म्हणजे वेगळ्या साध्या फाइलमध्ये लिहिलेली दोनशे ओळींची तात्पुरती सोय. चांगला लूप या मशीनवर कधी बसवलाच नाही. सात वर्षं ही तात्पुरती सोयच चाललीय!
संकल्प: हे बदलायचं.

८ सप्टेंबर, शनिवार
इथल्या मेट्रनबाईंना लूप समजावून सांगितला. एकच माणूस आहे असं समजा. हातात यादी. कुणाची बेल वाजली? कुणाच्या औषधाची वेळ झाली? दोन्ही नसेल तर सगळ्यात जवळच्या औषधाच्या वेळेपर्यंत डोळे मिटून बसायचं. मध्ये बेल वाजली तर तेवढ्यासाठी उठायचं. काम झालं की लगेच परत यादीकडे. कुणाच्या दारात गप्पा मारत उभं राहायचं नाही, नाहीतर बाकीचे पंचवीस खोळंबले.
मेट्रनबाई म्हणाल्या, हे तर मी तीस वर्षं करतेय, यात नवीन काय? मी म्हटलं, मी हे जलद करणार. त्या म्हणाल्या, चाललंय त्याला हात लावू नका. तंत्रज्ञानाची भीती. मी समजून घेतलं.

११ सप्टेंबर, मंगळवार
एक छोटी सुधारणा केली. बेल दाबल्यावर कॉरिडॉरमध्ये वीस सेकंद मंद संगीत. तेवढा वेळ स्क्रिप्टला सांगितलं, थांब.
ती थांबली. पूर्णच थांबली. संगीत वाजत असताना आणखी चार बेल दाबल्या गेल्या, प्रत्येकीचे वीस सेकंद साचत गेले आणि दोन औषधांच्या वेळा उलटल्या. त्यातली एक मधुमेहाची. मेट्रनबाई स्वतः सगळ्या खोल्यांतून पळाल्या.
त्यांचं म्हणणं, दारात गप्पा मारू नका असं शनिवारी तुम्हीच सांगितलं होतं. मी म्हटलं, दोष माझ्या संगीताचा नाही, फॉलबॅकचा आहे. चांगल्या लूपने सांभाळून घेतलं असतं. (घेतलं नसतं. वीस सेकंद थांब म्हटलं की कुठलाही लूप थांबतो. पण हे त्यांना सांगून काय उपयोग.)
संगीत काढलं. तात्पुरतं.
हिने विचारलं, कायमचं काही कळलं का? म्हटलं, वातावरण अनुकूल आहे.

१४ सप्टेंबर, शुक्रवार. दुपारी ४
ऐतिहासिक दिवस. माझा स्वतःचा लूप तयार. नाव गरुड. लॅपटॉपवर विजेसारखा पळतो. कपाटातल्या मशीनवर फाइल टाकली, निवडीच्या यादीत त्याचं नाव सगळ्यात वर लिहिलं, स्क्रिप्ट बंद करून सुरू केली. एक शब्द न काढता सुरू झाली.
कोणता लूप चालू आहे हे विचारायची एक ओळ असते. विचारलं नाही. पोटच्या पोराला कुणी विचारतं का, तू कोणाचा?

१८ सप्टेंबर, मंगळवार
चार दिवसांत एक तक्रार नाही. बेल वेळेवर, औषधं वेळेवर. मेट्रनबाई आपणहून म्हणाल्या, आता बरं चाललंय. त्यांच्या तोंडून हे म्हणजे सुवर्णपदक. मी म्हटलं, गरुड. त्या म्हणाल्या, कोण?

२१ सप्टेंबर, शुक्रवार
नऊ नंबरचे आजोबा निवृत्त घड्याळजी. स्टॉपवॉच उशाशी. बेल दाबल्यापासून दारावरचा दिवा लागेपर्यंतचा वेळ रोज वहीत लिहितात. आज वही दाखवली. गेल्या महिन्यात जेवढा, गरुड आल्यावरही तेवढाच. एका काट्याचा फरक नाही. आजोबा म्हणाले, बाळा, तू नक्की काय बदललंस?
घड्याळ जुनं झालंय त्यांचं. हातही थरथरतो. तसं म्हटलं नाही, वडीलधारे आहेत.
घरी येताना मात्र वहीतले आकडे मनात पुन्हा मांडून पाहिले. कारण माहीत नाही.

२५ सप्टेंबर, मंगळवार
तीन दिवस उरले. सकाळी दाढी करताना ब्लेड लागलं. हिने टिंक्चर लावलं आणि म्हणाली, नाही झालं कायम तरी बघू काहीतरी, पण मला आधी सांगा. मागच्या दोन्ही वेळेला बाहेरून कळलं होतं.
मी रागावलो. मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसलो. फार भीती वाटतेय.
ट्रस्टींना ठोस काहीतरी दाखवायला हवं.

२७ सप्टेंबर, गुरुवार. रात्री ९
सुचलं. फॉलबॅकची फाइल डिलीट केली. उद्या सांगणार, सात वर्षांचा कचरा काढला, आता इथे फक्त गरुड.
दिवसभर लक्ष ठेवलं. सगळ्या बेल चालू. गेला बिचारा, कुणाला पत्तासुद्धा नाही.

२८ सप्टेंबर, शुक्रवार. दुपारी १
लिहायला हात चालत नाही, तरी लिहितो.
ट्रस्टी तिघे. कपाट उघडलं. म्हटलं, सुरुवात कशी वेगात होते ते बघा. स्क्रिप्ट बंद केली. सुरू केली. सुरू झाली नाही. स्क्रीनवर एकच ओळ: एकही लूप सापडला नाही.
पुन्हा केली. तीच ओळ.
मेट्रनबाईंनी काही न विचारता प्रत्येक कॉरिडॉरमध्ये एकेक बाई उभी केली आणि स्वतः यादी घेऊन औषधांना निघाल्या. नऊ नंबरचे आजोबा काठी टेकत बाहेर आले. हातात स्टॉपवॉच. म्हणाले, साडेचार मिनिटं झाली, दिवा नाही. संडासला जायचं होतं, एकट्याने निघालो. पडले नाहीत. पडले असते तर. हा विचार डोक्यातून जात नाही.
जुन्या प्रोग्रामरचा बॅकअप सापडला. फॉलबॅक परत ठेवला. पहिल्या झटक्यात सुरू.
मग ती एक ओळ विचारली. उत्तर आलं, फॉलबॅक. मागच्या नोंदी तपासल्या. १४ तारखेलाही फॉलबॅक. गरुड ज्या दुसऱ्या प्रोग्रामच्या आधारावर उभा होता तो माझ्या लॅपटॉपवर होता, कपाटातल्या मशीनवर नव्हताच. स्क्रिप्टने गरुडला हाक मारली, तो आला नाही, तिने गाजावाजा न करता पुढच्याला घेतलं. काल फाइल डिलीट केली तेव्हा तो आधीच मेमरीत चढून काम करत होता, म्हणून कळलं नाही. मी ज्याला कचरा म्हणून काढला, तो तेव्हासुद्धा सव्वीस खोल्या सांभाळत होता.
गरुड एक क्षणही उडाला नाही.
फॉलबॅकची फाइल पहिल्यांदाच वरपासून वाचली. वर जुन्या प्रोग्रामरने लिहून ठेवलंय: बाकी कोणी आलं नाही तर हा. हळू आहे, पण जागेवर असतो.

३० सप्टेंबर, रविवार
काल मेट्रनबाईंनी ऑफिसात बोलावलं. ट्रस्टींचा निर्णय सांगितला. कायम नाही. पण काढूनही टाकत नाहीत. दुसरं कोणी मिळेपर्यंत राहा. मी विचारलं, शोधताहेत का? त्या म्हणाल्या, इंटरव्ह्यूच्या पहिल्या दोघांना परत फोन केला होता, ते याही वेळी नाही म्हणाले. आणि एक सांगते, नऊ नंबरला सकाळी एकदा स्वतः जाऊन विचारत जा.
आज बायकोला सगळं सांगितलं. तिने विचारायच्या आधी. गरुड, डिलीट, आजोबा, सगळं. दुसरं कोणी मिळेपर्यंत, हेही.
ती कपड्यांच्या घड्या घालत होती. हातातला सदरा घडी करून ठेवला. मग विचारलं, ते जुनं, तात्पुरतं, किती वर्षं चाललंय म्हणालात?
सात, म्हटलं.
मग उद्या डबा देते, म्हणाली.