पेज मोजलीच नाही

मालवण, श्रावण वद्य षष्ठी, १९६१. संध्याकाळ.

डॉक्टरांवर रागावू की स्वतःवर? ह्यांच्या पायांची सूज उतरेना, आडवं झालं की दम लागतो, म्हणून आज पुन्हा दाखवलं. महिनाभर दिवसाला दोनच तांबे पाणी देते आहे, मीठ तोडलं आहे, देवाला नारळ बोलले आहे. तरी डॉक्टर मलाच विचारतात, "पेज किती देता?"

पेज? सकाळी मोठा वाडगा, रात्री तेवढाच. भाताची निवळ, म्हणजे भात शिजल्यावर गाळलेलं पाणी, फुकट कशाला घालवायची, म्हणून तीही त्यातच. पण पेज म्हणजे जेवण. तिला पाणी कोण म्हणतं?

डॉक्टर म्हणाले, "बाई, तेही पाणीच. निरोगी हृदयात रक्त जास्त भरलं की ते ताणलं जातं आणि रक्त जोराने पुढे ढकलतं. यांचं ताणून ताणून थकलंय. आता जास्त भरलं तरी ढकलणं वाढत नाही, मागे फुप्फुसात तुंबतं. म्हणून दम."

मग हे पहिल्याच दिवशी का नाही सांगितलं? आणि मी मॅट्रिक झालेली, मला विचारायला काय झालं होतं? तांबे मोजत बसले आणि वाडग्याने ओतत राहिले!

आत्ता सुका भात आणि भाजी वाढली. ताट पाहून हे म्हणाले, "गो, पेज खंय? सुक्या भातार माणूस जगता काय?"

"आदी जगा, मगे माझ्यावांगडा भांडा."

"भांडूक दम होयो मां गो!" म्हणत त्यांनी घास घेतला. भांडायला दम हवा म्हणे! मला हसूही आलं नाही.