मॅट जागची हलली नव्हती

२ सप्टेंबर, सोमवार

आज पुन्हा गिऱ्हाइकावर ओरडलो. चूक माझी नव्हती.

माणूस नवी कोरी गाडी घेऊन आला. आत कंपनीची कार्पेटची मॅट. म्हणाला, "ही खराब व्हायला नको, हिच्यावरच तुमची रबरी टाका." मी म्हटलं, एकावर एक दोन टाकायच्या नाहीत, वरची सरकते आणि ब्रेकखाली जाऊन बसते. तर म्हणतो, "माझी गाडी, माझी मॅट." मी म्हटलं, "आणि समोरून चालत येणारा माणूस? तोही तुमचाच का?" जरा मोठ्यानं म्हटलं. म्हणजे रस्त्यापलीकडे ऐकू जाईल इतक्या. तो तडक समोरच्या शोरूममध्ये गेला.

मामांनी हातातला कटर खाली ठेवला. "भाचेबुवा, कॉलेजात सरांशी भांडलात, दुसऱ्या वर्षातून घरी आलात. आता माझ्या दुकानातून भांडून कुठं जायचा विचार आहे?" मामा रागावले की मला अहोजाहो करतात.

मी सीट कव्हरांची चवड लावत बसलो.

३ सप्टेंबर

शोरूममध्ये अ‍ॅक्सेसरीजच्या टेबलाशी बसणारी ती आज माझ्याकडे बघून हसली. किंवा काचेत स्वतःचे केस बघत असेल. दोन्ही शक्यता नोंदवून ठेवतो.

५ सप्टेंबर, गुरुवार

ती आली. दुकानात! सात महिने जिला रस्त्यापलीकडून बघतोय ती आमच्या काउंटरवर कोपर टेकून उभी होती. ती कंपनीच्या मॅट विकते, आम्ही बाहेरच्या. म्हणजे तसं शत्रुपक्षच.

मामा लगबगीनं पुढे झाले. "या, या. काय दाखवू?" तिनं माझ्याकडे बोट केलं. "सोमवारी ओरडले ते हेच ना? तो माणूस आमच्याकडे येऊन तक्रार करत होता."

"मुलगा जरा तापट आहे," मामा म्हणाले, "पण—"

"नाही, मला यांच्याशीच बोलायचंय."

काम असं — तिच्या वडिलांची जुनी गाडी आहे. त्या मॉडेलच्या मॅट कंपनीनं बनवणं बंद केलंय, तिच्या कॅटलॉगमध्ये आता येत नाहीत. वडिलांची मॅट सतत ब्रेकच्या बाजूला गोळा होते. मागच्या महिन्यात गाडी फाटकाच्या खांबाला लागली. परवा कुणाच्या तरी सायकलला. "बाबा म्हणतात, मॅटच नाठाळ आहे."

मी म्हटलं, कागदावर मापाचा फर्मा काढून नवी करून देतो, हुक लावून. शनिवारी गाडी पाठवा.

"तुम्ही स्वतः बघा हं. नीट. तुमच्या मामांना नको."

मला! स्वतः! मामांना नको!

हे वाक्य मी दुपारपासून किती वेळा म्हणून बघितलं ते इथं लिहीत नाही.

७ सप्टेंबर, शनिवार

गाडी घेऊन तिचे वडील आले. उंच, इस्त्रीचा शर्ट, शीळ घालत. तीस वर्षं शाळेची बस चालवली म्हणाले. "एवढी पोरं ने-आण केली, एकाच्या गुडघ्याला खरचटलं नाही. आणि आता ही चिंधी मला दमवतेय!" चिंधी म्हणजे मॅट. मी त्यांना काका म्हणायला लागलो. ते मला पहिल्या वाक्यापासून अरेतुरे. बरं वाटलं.

ड्रायव्हरकडची मॅट बाहेर काढली, उन्हात धरली.

आता हे कुणाला सांगण्यासारखं नाही, म्हणून इथं. दिवसाला दहा-बारा जुन्या मॅट हातातून जातात. कोण कसा चालवतो ते वाचता येतं. अ‍ॅक्सिलरेटरखाली नाण्याएवढा गोल डाग झिजलेला असतो. टाच तिथं टेकते. ब्रेक लावायचा तर पाय उचलायचा, ठेवायचा. मधली जागा कोरी राहते.

काकांच्या मॅटला गोल डाग नाहीच. अ‍ॅक्सिलरेटरपासून ब्रेकपर्यंत सरळ चर पडलाय, बुटाएवढा रुंद. पाय उचलला जात नाही. ओढला जातो. आणि जाता जाता मॅटलाही सोबत घेऊन जातो.

मॅट नाठाळ नाही.

मी फर्म्यासाठी कागद अंथरला. पेन्सिल फिरवताना काका बाहेर उभे होते. उजव्या बुटाचं टोक घासून पांढरं पडलेलं. परत आत बसताना त्यांनी मांडीजवळची पँट चिमटीत धरली आणि पाय उचलून आत ठेवला, एखादी पिशवी ठेवावी तसा. मी बघतोय हे त्यांनी बघितलं.

"काय रे?"

"काही नाही, काका."

"मॅट सरकते. बाकी काही नाही."

"हो, काका."

मग माझ्या पाठीवर थाप. "आमची मुलगी म्हणत होती, पोरगा भडकू आहे. कुठला भडकू! साखर आहेस तू. ये एकदा चहाला घरी."

मी हसलो. साखरेसारखा.

८ सप्टेंबर

तिच्या घरी चहाचं बोलावणं. तिच्या घरी.

१० सप्टेंबर, मंगळवार

फर्मा पालथा ठेवून मॅट कापली. नवशिक्याची चूक! कागदाला दोन बाजू असतात, वरच्या बाजूला खूण करायची. केली होती. तरी उलटा ठेवला. त्यामुळे मॅट आरशात दिसते तशी निघाली, पेडलची खाच भलत्याच बाजूला. तुकडा वाया.

मामा कपाळाला हात लावून म्हणाले, "लक्ष कुठंय लेका तुझं? समोर?" आणि शोरूमकडे बघितलं. कामगार हसले. एरवी मी कुणाचीतरी कॉलर धरली असती. आज वाया गेलेला तुकडा उचलून कोपऱ्यात टाकला.

लक्ष समोर नव्हतं, बुटाच्या टोकाकडे होतं. दुसरा तुकडा घेतला.

सांगायला पाहिजे. तिला. पण काय सांगणार — तुमचे वडील आता गाडी चालवण्यासारखे राहिले नाहीत? रोज सकाळी ते तिला शोरूमला सोडतात. ती उतरते, ते काच खाली करतात, काहीतरी बोलतात, ती हसते. हे मी सात महिने बघतोय. हे बंद करणारा मी. मग चहा कुठला!

१२ सप्टेंबर, गुरुवार

मॅट बसवली. उत्तम झालीये, उगाच नम्रपणा कशाला? काळी, जाड, खालून दाणेदार, काठ शिवलेले. गाडीच्या तळात दोन हुक. मी दोन्ही हातांनी ओढून दाखवली. गाडी हलली, मॅट नाही.

ती जेवणाच्या सुट्टीत बघायला आली. वाकून हात फिरवला. "आता सरकणार नाही?"

"जागची हलणार नाही."

ती उठली नाही. दार धरून तशीच उकिडवी बसून माझ्याकडे बघत राहिली. "जुनी मॅट काढलीत तेव्हा बघितलीत ना तुम्ही? नीट?"

"हो."

"मग? आणखी काही सांगायचंय?"

मला वाटलं ती त्याबद्दल विचारतेय. म्हणजे माझ्याबद्दल. कुणीही तेच समजला असता!

मी म्हणालो, "काळा रंग शोभतोय गाडीला."

"हं," ती म्हणाली. उठली, गुडघे झटकले, रस्ता ओलांडून गेली. वळून बघितलं नाही.

असं काय बोललो मी?

१५ सप्टेंबर, रविवार

चहाला गेलो. स्वच्छ, लहान घर. दारामागे बसचं जुनं स्टीअरिंग टांगलेलं. काकांना निवृत्तीला दिलं होतं, तिच्या आईनं त्याला छत्र्या अडकवल्यात. बिस्किटं दोनदा पुढं केली, मी दोनदा घेतली. ती फारसं बोलली नाही. काकाच बोलत होते — बस, पोरं, कोण खिडकीतून डोकं काढायचं, कोण रोज डबा विसरायचं.

निघताना म्हणाले, "चल, सोडतो तुला. मॅटची परीक्षा."

मी त्यांच्या शेजारी बसलो. डोळे आपोआप खाली. पाय घासत जातोय — सर्र. परत — सर्र. दोन सिग्नल नीट गेले. तिसऱ्याला शेजारची गाडी थांबली. एक बाई मुलाचं बोट धरून रस्ता ओलांडत होती. मी "काका" म्हणालो. त्यांचा पाय निघाला होता, पोचला नव्हता. मी हँडब्रेक ओढला. गाडी पांढऱ्या पट्ट्यावर थांबली. बाईनं बॉनेटवर हात आपटला. "दिसत नाही का?" मुलगा बघतच राहिला. केवढासा होता.

काका नेहमीच्या सवयीनं म्हणाले, "ही मॅट—"

आणि खाली बघितलं. मीही बघितलं.

मॅट जागची हलली नव्हती.

मागच्यांनी हॉर्न वाजवायला सुरुवात केली. काकांनी गियर टाकला. माझ्या गल्लीच्या तोंडाशी आल्यावर म्हणाले, "नवी आहे अजून. वापरून वापरून बसेल." मी उतरलो. मग, "घरी बोलू नकोस. आज गाडी सोडायला सांगतील, उद्या घराबाहेर पडणं."

मी म्हटलं, "नाही बोलणार, काका."

१६ सप्टेंबर

नाही बोललो.

सकाळी गाडी शोरूमपाशी आली, तोवर मी दुकानाच्या पायरीवर उभा. ती उतरली. मी श्वास सोडला. असा रोज सोडणार काय?

१७ सप्टेंबर, मंगळवार

संपलं सगळं. क्रमानं लिहितो.

सकाळी काकांची गाडी शोरूमच्या दारातल्या एका गाडीला जाऊन टेकली. नवी, गिऱ्हाइकाला द्यायची, पुढं फुलं लावलेली. टेकली म्हणजे फक्त दिवा फुटला. पण दोन मिनिटं आधी त्या गाडीपुढे, नेमका त्याच जागी, शोरूमचा झाडूवाला वाकलेला होता.

दुपारी काका दुकानात आले, ती मागोमाग. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "हे बघ, तुझी मॅट फार गुळगुळीत आहे. पाय घसरतो. कार्पेटची कर."

मामा लगेच, "देऊ की बदलून! त्यात काय एवढं. कार्पेट म्हणजे कार्पेट."

ती दारात. माझ्याकडे बघत होती.

मी दोन वेळा गिळलं. तिसऱ्यांदा गिळता आलं नाही.

"मॅट दोन हुकांत अडकलीये काका! जा, ओढून बघा! कार्पेट टाका, रबर टाका, सोन्याची टाका — मॅटला काय झालंय? तुमचा पाय उचलत नाही! जुन्या मॅटवर चर पडलाय, मी पहिल्याच दिवशी बघितला! परवा त्या पोराला उडवलं असतं आपण! तीस वर्षं पोरं सांभाळलीत आणि आता—"

इथं थांबलो. उशिरा थांबलो.

मामांच्या हातात कार्पेटचा नमुना तसाच. काका मॅटच्या गठ्ठ्यावर बसले. बराच वेळ आपल्या बुटाकडे बघत होते, दुसऱ्याचा असल्यासारखे. मग उठले. किल्ली काउंटरवर ठेवली, मुलीकडे न बघता, आणि चालत निघाले. फरशीवर पाय ओढल्याचा आवाज आला. आधीही येत असणार. ती त्यांच्या मागे धावली. जाताना किल्ली घेतली.

मामा म्हणाले, "कधी सुधारणार रे तू?" अहोजाहो नाही. म्हणजे रागावले नव्हते. ते जास्त वाईट.

कॉलेज गेलं तेव्हा एवढं काही वाटलं नव्हतं. लिहून ठेवतो.

१८ सप्टेंबर, बुधवार

सकाळी गाडी आली. शोरूमसमोर नाही, आमच्या दुकानासमोर. चालवत ती होती. गियर खरडत, झटके देत. काका शेजारच्या सीटवर, तोंड दुसरीकडे.

ती आत आली. मी माफी मागायला तोंड उघडलं.

"सात तारखेलाच का नाही ओरडलात?" ती म्हणाली. "बाबांना सांगायचा मला धीर होईना, म्हणून तर गाडी तुमच्याकडे पाठवली होती."

बाहेर हॉर्न वाजला. शेजारच्या सीटवरून हात लांब करून काकांनी वाजवला होता.