टाकीतले दगड

अमरावती,
शुक्रवार, दुपार

प्रिय जुईली,

तुझे मासे जिवंत आहेत. हे आधी लिहिते, म्हणजे उरलेलं पत्र तू शांतपणे वाचशील. फोन केला असता, पण फोनवर तू 'हो आई', 'बरं आई' एवढंच म्हणतेस आणि मला पुढचं सुचत नाही. पत्रात मध्येच 'हो आई' म्हणता येत नाही, म्हणून लिहायला बसले. उद्या सौमित्र नेहमीसारखा अकोल्याला येईल, तेव्हा आणून देईल. त्याने वाटेत वाचू नये म्हणून पाकीट डिंकाने चिकटवलं आहे आणि वर सेलोटेपही मारला आहे.

चुलतबहिणीच्या बाळाचं बारसं म्हणून तू अकोल्याच्या जुन्या शहरात माहेरी गेलीस, चार दिवसांचे कपडे घेऊन. त्याला महिना होऊन गेला. कॉलेजला सुट्टी आहे, राहील जरा, असं मी गल्लीत सगळ्यांना सांगत आले. आता सौमित्र म्हणतो की तू तिकडच्याच एका कॉलेजात शिकवण्याच्या जागेची चौकशी केली आहेस आणि ते जमलं तर तोही बदली मागणार. एवढी मोठी गोष्ट त्याने मला सांगितली ती टाकीचं पाणी बदलताना, हातात बादली घेऊन, पाठमोरा उभा राहून. मी विचारलं, आणि ही टाकी? तर म्हणे टाकीही जाईल. या चार फुटी टाकीसाठी मी माझी काचेची शोकेस हॉलमधून हलवली होती, हे तो सोयीस्कर विसरला. लग्नात लोकांच्या सुना फ्रीज आणतात, आमची मासे घेऊन आली, असं सगळं अमरावती हसलं तेव्हा न हसलेली मी एकटीच होते. तेही कुणाला आठवत नाही.

उन्हाचं तर काय सांगू. सकाळी नऊलाच अंगणात पाय ठेववत नाही. तू सौमित्रला सांगितलंस की पाणी तापलं तर मासे वर येऊन तोंड उघडतात. झालं! हॉलमधला कूलर फिरवून टाकीकडे केला. मासे गारव्यात, आणि आम्ही नवरा-बायको पंख्याची गरम हवा खात बसतो. आमचे वकीलसाहेब सोफ्यावरून सरकत सरकत टाकीपर्यंत पोचतात आणि मी ओरडले की परत येतात. पालक उकडून द्यायचा, मटार सोलून द्यायचा, पोटभर द्यायचा नाही. तुझ्या नवऱ्याचेसुद्धा लहानपणी मी इतके लाड केले नाहीत.

पुढचा पराक्रम वकीलसाहेबांचा. तू गेल्यावर त्यांना टाकी उदास वाटायला लागली. उदास टाकी! दगडांत लपणारे मासे दिसत नाहीत म्हणून एका संध्याकाळी ते दुकानात गेले आणि दोन एंजल अन् पिशवीभर गप्पी घेऊन आले. दुकानदार म्हणाला होता, "काकाजी, काही नाही होत, टाका बिनधास्त." टाकले बिनधास्त. सकाळी गप्पींचा पत्ता नव्हता आणि एंजलचे ते लांब पदर झिरझिरीत झाले होते. सौमित्रने तुला विचारून सांगितलं की एंजलही आपल्या माशांसारखे सिक्लिड कुळातलेच, पण ते नदीच्या मऊ, संथ पाण्यातले; आपले आफ्रिकेच्या सरोवरातले, त्यांना बोअरचं जड पाणी मानवतं आणि अंगावर आलेलं मानवत नाही. म्हणजे गोत्र एक असून काही उपयोग नाही. एक एंजल दगावला, दुसरा मी वकीलसाहेबांकडूनच दुकानात परत पाठवला. जन्मभर लोकांचे तंटे सोडवले म्हणतात, आणि घरात हे! तेव्हापासून ते काचेला चिकटलेल्या त्या सकर माशासारखे गप्प आहेत. कुणाची बाजू घ्यायची नाही, खाली पडलेलं तेवढं खायचं.

पण खरा त्रास त्या निळ्याचा. वकीलसाहेब त्याला ठाणेदार म्हणतात. तू गेलीस आणि त्याला काय झालं कोण जाणे, तो गेल्या वर्षी आणलेल्या पिवळीच्या मागे हात धुऊन लागला. ती मधल्या दगडाजवळ आली की हाकल, खायला आली की हाकल. ती बिचारी फिल्टरच्या कोपऱ्यात उभी, रंग उतरलेला, शेपटी कुरतडलेली. माणिकबाई फडका हातात धरून बघत राहिली आणि म्हणाली, "बाई, हा निळा तं त्या पिवळीले जगूच नाही देऊन राहिला. सारं घर आपल्याच बापाचं समजते. तुमच्यावानीच हाये!" आणि हसली. चहा होईपर्यंत मी तिच्याशी बोलले नाही. तूही वाचताना उगाच जुळवाजुळव करू नकोस. मी माशांबद्दलच लिहिते आहे.

शेवटी पिवळीला बाहेर काढलं. ठेवणार कुठे? कुरड्यांचा गहू भिजवायच्या टबात. त्यात तुझा तो बुडबुड्यांचा पंप लावला. यंदा आपल्याकडे कुरड्या झाल्या नाहीत, कुणी विचारलं तर कारण हे आहे. आठवडाभर ती टबात राहिली, शेपटी भरून आली, रंग आला. मग मोठ्या कौतुकाने तिला टाकीत सोडलं, तर ठाणेदार जिथं होता तिथून सरळ तिच्या अंगावर. पुन्हा टब. मी इतकी वैतागले की दोघांना दोन डब्यांत घालून अकोल्याला पाठवून द्यावं असं वाटलं.

तू एकदा म्हणाली होतीस की हे मासे दोन-चारच ठेवले तर एकमेकांचा जीव घेतात, गर्दीत बरे राहतात. राग वाटला जातो. मला तेव्हा अचलपूरचं आमचं घर आठवलं होतं. मी लग्न होऊन गेले तेव्हा त्या घरात तेरा माणसं. सासूबाई मोठ्या जावेवर चिडायच्या, मोठी माझ्यावर, मी सौमित्रच्या काकावर आणि तो गोठ्यातल्या गाईवर. कुणा एकीच्या वाट्याला पुरता राग यायचाच नाही. इथं आपण चौघं. त्यातले दोन पुरुष कामाला गेले की तू आणि मी, आणि मध्ये तो ओटा.

ओट्याचं आलंच, तर तेही लिहून टाकते. तू डावखुरी. तिखटमिठाचा डबा गॅसच्या उजवीकडे असला की तुला कढईवरून हात न्यावा लागतो, हे मला दिसत होतं. मी आंधळी नाही. सकाळी तू तो डावीकडे ठेवायचीस, संध्याकाळी मी उजवीकडे आणायचे. दोन वर्षं तो डबा असा येरझाऱ्या घालत होता आणि आपण दोघींनी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. काढला असता तर एकदाच कडाकडा भांडून मोकळ्या झालो असतो. तुला भांडताच येत नाही, हा तुझा सगळ्यात मोठा दोष आहे. मग त्या दिवशी शकुनवन्सं आल्या, डबा शोधायला लागल्या, आणि मी म्हणाले की आमच्याकडे तो उजवीकडेच असतो. तू गॅस बंद केलास आणि हळूच विचारलंस, "मग मी कोणाकडे राहते, आई?" वन्सं चहा पिऊन गेल्या. तुझा प्रश्न काही गेला नाही. मला राग आला होता, आणि उत्तर येत नव्हतं म्हणून जास्त आला होता.

असो, पिवळीचं सांगत होते. सौमित्रने तुला विचारलं आणि तुझा निरोप आला: आधी दगड हलवा, मग सोडा. बस, एवढंच. सासूला निरोप द्यायचा तो असा, पोराच्या हातून, बस कंडक्टरने सांगावा तसा. पण मला आठवलं. गेल्या वर्षी पिवळी आणलीस तेव्हा तू सगळे दगड काढून माझ्या पेपरांवर मांडले होतेस, फरशीभर पाणी. सांगत होतीस की जुन्या माशाला प्रत्येक दगड आपला वाटतो, म्हणून नव्याला सोडण्याआधी सगळं उचकटून वेगळं मांडायचं, मग जुनाही नवा होतो. मी तेव्हा फक्त म्हणाले होते की फरशी पुसून घे.

बुधवारी मी बांगड्या काढल्या आणि कोपरापर्यंत हात घातले. कौंडण्यपूरहून तू आणलेले ते सगळे काळे दगड, तो पाट्यासारखा चपटासुद्धा, बाहेर काढले आणि मनाला येईल तसे पुन्हा लावले. दिवा बंद करून पिवळीला सोडलं. ठाणेदार आपल्या गुहेपाशी गेला तर गुहा नाही. वळला, परत गेला, परत वळला. वकीलसाहेब म्हणाले, चुकीच्या तारखेला कोर्टात आलेल्या पक्षकारासारखा दिसतो आहे. त्या गोंधळात पिवळी चपट्या दगडाखाली शिरली आणि तिथंच राहिली. प्रेमबीम काही नाही. आजही तो तिला हूल देतो, तीही आता उलटून येते. पण जखम नाही, आणि दोघं एकाच पालकाचं पान दोन टोकांनी खातात.

आता हे पत्र का लिहिलं ते. काल सकाळी चहा ठेवला आणि पोह्यांसाठी न बघता उजवीकडे हात नेला. डबा बरोबर हातात आला. तू यायच्या आधी इतकी वर्षं मला कधी बघावं लागलं नव्हतं, आणि तू गेल्यापासून तो कुणी हलवलेलाही नाही. मला त्या डब्याचा इतका राग आला म्हणून सांगू! माणिकबाईला हाक मारली आणि दोघींनी मिळून सगळं स्वयंपाकघर खाली उतरवलं. डबे, बरण्या, पळ्या, झारे, फळ्यांवरचे कागदसुद्धा. माणिकबाई म्हणत होती, "बाई, दिवाई तं लय दूर हाये, आतापासूनच काहून काढून राहिल्या?" सगळं खोक्यांत भरून हॉलमध्ये टाकीशेजारी ठेवलं आहे. ओटा धुतला. गॅसच्या डावीकडे काही नाही आणि उजवीकडेही काही नाही. काल रात्री मीठ शोधायला मला पाच खोकी उघडावी लागली, आणि साखर सापडतच नाही म्हणून वकीलसाहेब कालपासून गुळाचा चहा पिताहेत. मी एक वाटीसुद्धा परत लावलेली नाही. मी लावलं तर ते पुन्हा माझंच होईल. कॉलेज कुठलं धरायचं ते तुझं तू ठरव, मी त्यात पडणार नाही. पण उद्या सौमित्रसोबत ये आणि हे घर माझ्यासोबत लाव. डब्यावरून भांडू. मोठ्याने भांडू, गल्लीला ऐकू गेलं तरी चालेल. कोणाकडे राहतेस म्हणून विचारलं होतंस ना, त्याचं उत्तर मला अजूनही शब्दांत देता येत नाही, म्हणून ओटा रिकामा केला आहे.

कालपासून स्वतःच्याच स्वयंपाकघरात पाहुणी असलेली,
तुझीच,
विमल